वाटेकरी आधी मोजा: यूव्ही आणि पेरॉक्साइडने विषारी सांडपाण्याची चाचणी कशी घ्यावी

सांडपाण्याच्या लॅबमध्ये मला १९ वर्षं झाली. माझ्या टेबलावर येणारं पाणी सहसा जिवाणूंच्या टाकीला न पचलेलं असतं: फिनॉल, रंगद्रव्यं, कीटकनाशकं, औषधांचे अंश, सॉल्व्हंट. कॅनसोबत प्रश्नही ठरलेला येतो, "पेरॉक्साइड किती टाकायचं?" मी उलट विचारते: या पाण्याची २५४ नॅनोमीटरच्या यूव्ही प्रकाशाला शोषकता (पाणी किती प्रकाश अडवतं त्याचं माप) किती? अल्कलिनिटी (बायकार्बोनेटसारख्या क्षारांचं प्रमाण) किती? सेंद्रिय कार्बन किती? हे तीन आकडे नसताना सांगितलेला डोस निव्वळ अंदाजपंचे असतो. अशा डोसावर उभी राहिलेली आणि पुढे बंद पडलेली यंत्रं मी पाहिली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगते.

यूव्ही (अतिनील) प्रकाश आणि पेरॉक्साइडची ही पद्धत चालते कशी, ते आधी थोडक्यात. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या रेणूने २५४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषला की त्याचे मधोमध दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक हायड्रॉक्सिल रॅडिकल, अतिशय आक्रमक असा रेणूचा तुकडा. त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद सुमारे २.८ व्होल्ट. ओझोनची २.०७, पेरॉक्साइडची स्वतःची १.७८ आणि क्लोरीनची १.३६. हा रॅडिकल जन्मतो आणि मायक्रोसेकंदांत संपतो. तेवढ्या वेळात जे समोर येईल त्यावर तुटून पडतो. आपलं विष कोणतं आणि पाण्यातला साधा बायकार्बोनेट कोणता, हे त्याला कळत नाही. पद्धतीची ताकद यातच आहे आणि अडचणही यातच.

म्हणून आमच्या लॅबमध्ये एक शब्द रूढ झाला आहे: वाटेकरी. वाटेकरी दोन जातींचे असतात. काही प्रकाशात वाटा मागतात, काही रॅडिकलमध्ये. दोघांचा हिशेब वेगवेगळा करायचा.

प्रकाशाचे वाटेकरी

सॅम्पल ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि एक सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ क्युवेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक कुपीत) २५४ नॅनोमीटरला शोषकता मोजा. साधी काच किंवा प्लॅस्टिकची क्युवेट इथे चालत नाही, ती स्वतःच हा प्रकाश अडवते. शोषकता ०.३ आली तर एक सेंटिमीटर पाण्यातून निम्मा प्रकाश पलीकडे जातो. १ आली तर दहावा हिस्सा. २ आली तर पहिल्या अर्ध्या सेंटिमीटरमध्येच ९० टक्के प्रकाश संपतो आणि त्यामागचं सगळं पाणी अंधारात उभं असतं. हीच मोजणी न गाळलेल्या पाण्यावरही करा. दोन आकड्यांत मोठा फरक असेल तर आधी गाळण्याची सोय करावी लागणार आहे.

आता पेरॉक्साइडकडे बघा. २५४ नॅनोमीटरला तो फार कमी प्रकाश शोषतो. मोलर शोषकता सुमारे १९, म्हणजे लिटरमध्ये ३४ मिलिग्रॅम पेरॉक्साइड (एक मिलिमोल) घातलं तर एका सेंटिमीटरला ०.०१९ इतकीच शोषकता वाढते. पाण्याची स्वतःची शोषकता ०.३ असेल तर पाण्यात शोषल्या जाणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम ६ टक्के पेरॉक्साइडच्या वाट्याला येतो, उरलेला पाण्यातली इतर द्रव्यं खातात. तेच पाणी आधी तुरटी किंवा फेरिक क्लोराइडने साकळवून, गाळून ०.०५ वर आणलं, तर त्याच डोसात पेरॉक्साइडचा वाटा २७-२८ टक्क्यांवर जातो. दिवा तोच, वीज तीच, पेरॉक्साइडही तेवढंच, आणि पेरॉक्साइडचा वाटा चौपटीहून जास्त. चाचणीला हात घालण्याआधी ही गुणाकार-भागाकाराची पाच मिनिटं प्रत्येकाने द्यावीत.

विषारी द्रव्य स्वतःच २५४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून तुटत असेल तर गोष्ट वेगळी. एनडीएमए नावाचं नायट्रोसामाइन असं थेट प्रकाशाने तुटतं, त्याला पेरॉक्साइडची फारशी गरज नसते. याउलट १,४-डायॉक्सेन प्रकाशाला दाद देत नाही, तिथे रॅडिकलच लागतो. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत २००८ साली सांडपाण्यापासून पिण्याच्या दर्जाचं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला. तिथे आरओनंतर यूव्ही आणि पेरॉक्साइड लावलं आहे ते अशाच द्रव्यांसाठी. आरओतून आलेलं पाणी जवळजवळ पारदर्शक असतं, वाटेकरी नाहीतच म्हटलं तरी चालेल, म्हणून तिथे फार थोड्या पेरॉक्साइडमध्ये भागतं. आपल्या काळपट पाण्याला तो डोस उचलून लावू नये.

रॅडिकलचे वाटेकरी

इथे थोडं गणित आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नका. रॅडिकल कोणाकडे किती जाणार हे दोन गोष्टींवर ठरतं: त्या द्रव्याचा वेगांक (ते रॅडिकलशी किती वेगाने भिडतं तो आकडा) आणि त्याची संहती (पाण्यातलं प्रमाण). दोघांचा गुणाकार करायचा. ज्याचा गुणाकार मोठा, त्याचा वाटा मोठा.

समजा पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅम फिनॉल आहे. म्हणजे ०.५३ मिलिमोल. फिनॉलचा वेगांक सुमारे ६.६ अब्ज, गुणाकार ३५ लाख. अल्कलिनिटी ३०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ६ मिलिमोल बायकार्बोनेट. त्याचा वेगांक ८५ लाख, गुणाकार ५१ हजार. फिनॉलपुढे हा वाटा नगण्य आहे. अशा पाण्यात अल्कलिनिटी कमी करायला आम्ल ओतणं म्हणजे वाया खर्च.

तेच फिनॉल लिटरला १० मायक्रोग्रॅम असतं तर? गुणाकार ७०० वर येतो आणि बायकार्बोनेटचा ५१ हजार तसाच राहतो. आता बायकार्बोनेट सत्तरपट वाटा खातं. त्यातच विरघळलेला सेंद्रिय कार्बन १० मिलिग्रॅम असेल तर त्याचा गुणाकार अडीच लाखांच्या घरात जातो. औषधांचे किंवा कीटकनाशकांचे सूक्ष्म अंश काढायचे असतील तर लढाई त्या अंशाशी नसून या वाटेकऱ्यांशी असते. आधी जैविक प्रक्रिया, मग सक्रिय कार्बन किंवा मेम्ब्रेन, आणि यूव्ही सगळ्यात शेवटी, असा क्रम लागतो तो यामुळे.

पीएच १० च्या वर गेला की बायकार्बोनेटचा मोठा हिस्सा कार्बोनेट होतो. कार्बोनेटचा वेगांक बायकार्बोनेटच्या ४५ पट. म्हणून अल्कली पाणी तसंच दिव्याखाली घेऊ नका, निदान ७ च्या आसपास आणा.

तिसरा वाटेकरी खुद्द पेरॉक्साइड. त्याचा वेगांक सुमारे २.७ कोटी. लिटरला २५० मिलिग्रॅम टाकलं की गुणाकार २ लाख होतो. म्हणजे एका मर्यादेपलीकडे पेरॉक्साइड वाढवलं की ते स्वतःच जन्माला घातलेले रॅडिकल गिळू लागतं आणि वेग उतरतो. डोस वाढवूनही निकाल बिघडत गेला, अशी तक्रार येते तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

मांडणी

माझी मांडणी साधी आहे. १५ वॅटचा कमी दाबाचा पारा दिवा, क्वार्ट्झच्या स्लीव्हमध्ये, एक लिटरच्या उंच काचपात्राच्या मधोमध उभा. खाली मॅग्नेटिक स्टरर. पात्राभोवती ॲल्युमिनियमची फॉइल आणि त्याबाहेर थंड पाण्याचं फिरतं आवरण, कारण तासाभरात पाणी तापतं आणि मग वेग प्रकाशाने वाढला की उष्णतेने, हे सांगता येत नाही. दिवा पात्राच्या आत असणं महत्त्वाचं. एका नवख्या सहकाऱ्याने बंद काचेच्या बाटलीत सॅम्पल भरून ती दिव्यासमोर दोन तास ठेवली होती. काचेने २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जवळपास पूर्ण अडवला आणि फिनॉल होतं तिथेच राहिलं.

डोळ्यांची काळजी दिवा लावण्याआधी घ्यायची. या प्रकाशाची इजा त्या क्षणी जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं, पाणी वाहतं. पॉलिकार्बोनेटचा चष्मा आणि संपूर्ण चेहऱ्याची ढाल वापरा, हातमोजे मनगटाच्या वरपर्यंत ओढा, फॉइलमधल्या फटी तपासा. दिव्याजवळ तिखट वास आला तर तो ओझोन आहे. १८५ नॅनोमीटरचा प्रकाशही बाहेर सोडणारे दिवे हवेतून ओझोन करतात, तेव्हा खोलीत एक्झॉस्ट हवाच. दिवा फुटला तर पारा सांडतो. झाडूने लोटू नका, खोली रिकामी करून हवा खेळू द्या आणि पारा गोळा करण्याच्या किटनेच उचला.

३० टक्क्यांचं पेरॉक्साइड त्वचेवर पडलं की जागा पांढरी पडते आणि झोंबते, भरपूर पाण्याने धुवा. त्याची बाटली कधीही घट्ट बंद करायची नाही, वाफ सोडणारं झाकणच ठेवायचं. धातूचा चमचा, गंज, धूळ यांनी ते फुटून ऑक्सिजन सोडतं. ॲसिटोनने धुतलेली भांडी पूर्ण सुकल्याशिवाय त्याच्याजवळ आणू नका. आम्ल असताना ॲसिटोन आणि पेरॉक्साइड मिळून स्फोटक तयार होतं.

डोस ठरवणं

कागदावरचा डोस असा काढतात. एक ग्रॅम सीओडी (पाण्यातली द्रव्यं रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) पूर्ण भागवायला २.१२५ ग्रॅम पेरॉक्साइड लागतं. फिनॉलच्या एका रेणूला पेरॉक्साइडचे १४ रेणू, म्हणजे ५० मिलिग्रॅम फिनॉलला साधारण २५० मिलिग्रॅम. हा आकडा मधला खांब समजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चाचण्या लावा. मी ०, ६०, १२५, २५०, ५०० असे पाच डोस घेते.

३० टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला सुमारे ३३३ मिलिग्रॅम पेरॉक्साइड असतं, पण जुनी बाटली उतरलेली असते. म्हणून पोटॅशियम परमँगनेटने टायट्रेशन करून खरी ताकद काढा. मग त्यातलं ३ मिलिलिटर १०० मिलिलिटरपर्यंत पातळ करा, म्हणजे दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास येतं आणि मोजायला सोपं जातं. यामुळे सॅम्पल थोडं पातळ होतं, ते हिशेबात धरा.

प्रत्येक चाचणीला तीन जोडीदार हवेत. एक, पेरॉक्साइड आहे पण दिवा बंद. दोन, दिवा चालू पण पेरॉक्साइड नाही. तीन, दोन्ही नाही, फक्त ढवळणं. तिसरी चाचणी लोक वगळतात. पण सॉल्व्हंट उडून जाणारं असेल तर ढवळण्यानेच ते हवेत जातं आणि आपण ते "तुटलं" म्हणून लिहितो. हवेत सोडलेलं विष मोडलेलं नसतं.

दिवा आधी १० मिनिटं साध्या पाण्यात चालवून स्थिर करा. मग पाणी बदला, पेरॉक्साइड टाका, घड्याळ लावा. ०, ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांना सॅम्पल काढा. शून्य मिनिटाचं सॅम्पल पेरॉक्साइड टाकल्यानंतरचं घ्या.

उरलेलं पेरॉक्साइड

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, माझीही झाली. पहिल्या वर्षी एका रंगाच्या पाण्यावर तासभर दिवा चालवला आणि सीओडी आधीपेक्षा जास्त आली. तीन दिवस मी अभिकर्मक बदलत बसले. कारण साधं होतं: सीओडीच्या चाचणीत डायक्रोमेट पेरॉक्साइडलाही खातं. उरलेलं प्रत्येक मिलिग्रॅम पेरॉक्साइड हिशेबाने ०.४७ मिलिग्रॅमपर्यंत खोटी सीओडी दाखवतं. लिटरला ४०० मिलिग्रॅम उरलं असेल तर १८८ पर्यंतचा आकडा निव्वळ त्याचा.

म्हणून सॅम्पल काढल्याबरोबर पेरॉक्साइड मारायचं. नाहीतर ते बाटलीतही काम करत राहतं. सोडियम सल्फाइट स्वस्त आणि झटपट: एका मिलिग्रॅमला ३.७ मिलिग्रॅम लागतं. पण जास्त झालं तर सल्फाइटही सीओडी दाखवतं, शिवाय पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. त्यामुळे बीओडी (जिवाणूंना पाण्यातली द्रव्यं पचवायला लागणारा ऑक्सिजन) किंवा विषारीपणाची चाचणी करायची असेल तर सल्फाइट नको. तिथे पीएच ७ च्या आसपास आणून कॅटलेज हे विकर वापरा, आणि विकर सेंद्रिय असल्यामुळे त्याचा कोरा सॅम्पलही (सांडपाण्याऐवजी साध्या पाण्यात फक्त विकर) लावा. मँगनीज डायऑक्साइडची पूडही चालते, ती नंतर गाळता येते. शेवटी पेरॉक्साइडची चाचणीपट्टी बुडवून शून्य आल्याची खात्री करा.

रंग गेला म्हणजे विष गेलं का

नाही. फिनॉलचं रंगहीन पाणी दिव्याखाली आधी तपकिरी होतं. घाबरू नका, पण आनंदही मानू नका: फिनॉलपासून कॅटेकॉल, हायड्रोक्विनोन आणि बेंझोक्विनोन तयार झालेलं असतं. यातली शेवटची दोन जिवाणूंना फिनॉलपेक्षा जास्त मारक आहेत. पुढे रेणूतलं बेंझीनचं कडं फुटतं, मॅलेइक, ऑक्झॅलिक, फॉर्मिक अशी आम्लं होतात आणि पीएच उतरतो. तपकिरी रंग जाणं आणि पीएच खाली येऊन थांबणं या दोन खुणा मी नेहमी वहीत नोंदवते. ॲझो रंगांचं उलट: रंग देणारा ॲझो बंध पहिल्यांदा तुटतो, पाणी काही मिनिटांत स्वच्छ दिसतं आणि बेंझीनची कडी तशीच शाबूत असतात.

एकदा असंच निवळलेलं पाणी मी जिवाणूंच्या छोट्या टाकीत सोडलं. पेरॉक्साइड शून्य, रंग शून्य, मूळ द्रव्यही मोजमापाखाली. दोन दिवसांत टाकीतला गाळ विस्कटला आणि ऑक्सिजनची मागणी कोसळली. मी मधल्या टप्प्यावर दिवा बंद केला होता. तेव्हापासून मूळ द्रव्यासोबत टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन), बीओडी आणि विषारीपणा अशा तिन्ही गोष्टी प्रत्येक वेळेला मोजते. विषारीपणासाठी चमकणारे सागरी जिवाणू किंवा डॅफ्निया (पाणपिसू) वापरतात. तेही जमत नसेल तर आपल्याच टाकीतल्या गाळाचा श्वसनवेग मोजा: थोडा गाळ, थोडं प्रक्रिया केलेलं पाणी, आणि ऑक्सिजन मीटर.

टीओसी शून्यावर नेण्याचा हट्ट मात्र धरू नका. बीओडी आणि सीओडी यांचं गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं आणि विषारीपणा उतरला, की उरलेलं काम जिवाणू दिव्यापेक्षा कितीतरी कमी विजेत करतात.

वीज मोजणं

द्रव्याच्या संहतीचा लॉगरिदम वेळेसमोर मांडा. सरळ रेष आली तर उतारावरून वेग मिळतो. संहती खूप जास्त असेल तर लॉग न घेताच रेष सरळ येते. याचा अर्थ सगळा प्रकाश वापरला जातोय आणि आता प्रकाशच अपुरा पडतोय.

डोसांची तुलना करायला ईईओ नावाचं माप वापरा: एक घनमीटर पाण्यातलं द्रव्य दहापट कमी करायला किती युनिट वीज. माझा १५ वॅटचा दिवा एक लिटर पाण्यात अर्ध्या तासात ५० वरून ५ वर आणत असेल तर ०.०१५ गुणिले ०.५ गुणिले १०००, म्हणजे ७.५ युनिट. तेवढ्याच वेळात ०.५ वर आणत असेल तर ३.७५. छोट्या पात्रातला हा आकडा मोठ्या रिॲक्टरसाठी जसाच्या तसा धरू नका, पण कोणता डोस आणि कोणती पूर्वप्रक्रिया सरस हे तो चोख सांगतो.

यूव्ही-पेरॉक्साइड जिथे थांबतं

पाणी गडद असेल, सीओडी हजारांत असेल तर मी फोटो-फेंटनकडे वळते. फेंटन यांनी लोह आणि पेरॉक्साइडची ही जोडी १८९४ साली नोंदवली. पीएच २.८ च्या आसपास फेरस सल्फेट घालायचं. इथे ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाशही कामाला येतो, म्हणजे ऊनसुद्धा. नंतर पीएच वाढवला की लोहाचा गाळ बसतो आणि त्याची विल्हेवाट लावावी लागते, हा खर्च आधीच धरा. परसल्फेटही चांगलं आहे, पण मागे सल्फेट राहतं आणि क्लोराइड असलेल्या पाण्यात क्लोरेट तयार होऊ शकतं. टायटॅनियम डायऑक्साइडची पूड शोधनिबंधांत सुरेख दिसते, पण ती पाण्यातून परत गाळून काढताना दमछाक होते. म्हणून मी सांडपाण्यासाठी ती सुचवत नाही.

पीएफओए आणि पीएफओएस या फ्लोरीनच्या द्रव्यांवर हायड्रॉक्सिल रॅडिकल जवळपास निष्प्रभ आहे. त्यांच्यासाठी ही पद्धत विकत घेऊ नका. धातू तर तुटतच नाहीत. पण ईडीटीएसारख्या द्रव्याने धरून ठेवलेला धातू, ते द्रव्य तुटल्यावर मोकळा होतो. तो चुन्याने खाली बसवायची तयारी ठेवा.

चालू झाल्यावर

दिव्याच्या स्लीव्हवर लोह आणि क्षार बसतात. पाणी तेच, डोस तोच, आणि निकाल हळूहळू उतरतोय असं दिसलं तर आधी स्लीव्ह काढून बघा. ५ ते १० टक्के सायट्रिक आम्लात भिजवून मऊ कापडाने पुसा, खरवडू नका. दिव्याचे तास वहीत लिहा. कमी दाबाचे दिवे ८००० ते १२००० तास चालतात, पण प्रकाश त्याआधीच उतरू लागतो आणि निळसर उजेड तेवढाच दिसत असल्याने डोळ्याला ते कळत नाही. आठवड्यातून एकदा २५४ नॅनोमीटरची शोषकता पुन्हा मोजा, कारण कारखान्यात बॅच बदलली की वाटेकरी बदलतात. आणि पुढे जिवाणूंची टाकी असेल तर व्हॉल्व्ह उघडण्याआधी, दर वेळी, चाचणीपट्टी बुडवा.